एक माणूस उतरवा

हेलिकॉप्टर कमरेइतकं उचललं, तिथंच थरथरत थांबलं आणि पुन्हा खाली टेकलं. कुणीतरी बाहेरून दार उघडलं. पिवळं जाकीट घातलेल्या एका पोरानं आत डोकं घातलं आणि पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, एक माणूस उतरवावा लागेल.

२०२३ चा जून महिना, ठिकाण केदारनाथ, सकाळचे अकरा वाजत आलेले. आत आम्ही पाच प्रवासी होतो. मी, आमची मंडळी, माझे मेहुणे, वहिनी आणि इंदूरकडचे एक गृहस्थ. मेहुणे लगेच तापले. "पैसे मोजलेत आपण. येताना चालले पाच, मग जाताना का नाही?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला तेव्हा पूर्ण ठाऊक नव्हतं. पण दाराशी मी बसलो होतो, आणि खाली वजन केलं तेव्हा काट्यावर ८४ आकडा माझाच आला होता. मी पट्टा सोडला आणि उतरलो. मागून मंडळींचा आवाज आला, "अहो, तुम्ही कुठं निघालात?" दार लागलं.

माझी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात बांधकाम खात्यात गेली. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. रस्ते, पूल, शाळाखोल्या केल्या, आणि दौरे निघाले, निवडणुका आल्या की हेलिपॅड. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पालम, प्रत्येक तालुक्यात मी हेलिपॅड केले आहेत. हेलिकॉप्टर टेकतं कशावर, हे मला चोख माहीत होतं. ते उचलतं कशाच्या आधारावर, हे मात्र त्या दिवशी एक सीट रिकामी केल्यावर कळायला लागलं.

हेलिपॅडचं काम आलं की हातात तीन-चार दिवस असायचे, कधी एकच. आमची जमीन काळी. वाळली की भेगाळते, भिजली की पायाला धरते. म्हणून वरचा थर खरवडायचा, मुरूम पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. मधोमध चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल आणि गोलात एच. एका कडेला काठीवर कापडी झोळी, वारा कुठून आहे ते पायलटला वरून दिसावं म्हणून. उतरायच्या आधी टँकरनं पाणी मारायचं, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं धुळीचा असा लोट उठतो की पायलटला जमीन दिसेनाशी होते. एकदा जिंतूरकडं टँकर वेळेवर आलाच नाही. आमचे मुकादम म्हणाले, "साहेब, शेणसडा मारू. अंगणातली माती बसती तशी ही बी बसल." गावातल्या बायकांनी बादल्या आणल्या आणि अर्ध्या तासात सडा घातला. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा भोवतालच्या शेतातून धूळ उठली, पण आमच्या गोलातून चिमूटभरही उडाली नाही. त्या मुकादमांना मी अजून विसरलेलो नाही.

आम्हाला मुरूम ब्रासमध्ये मोजायची सवय. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. केदारनाथच्या त्या कठड्याला टेकून पुढच्या फेरीची वाट बघताना मी पहिल्यांदा हवा ब्रासमध्ये मोजली. हवेला वजन असतं, हे शाळेत शिकलो होतो. समुद्रकाठी एक ब्रास हवा साधारण साडेतीन किलो भरते. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, म्हणजे पावणेबारा हजार फुटांवर. तिथं जूनमधल्या सकाळी तेवढीच एक ब्रास हवा सव्वादोन किलोच्या आसपास येते. मुरमाची गाडी एक-तृतीयांश रिकामी आली, तर आम्ही पावतीवर सही केली नसती. तिथं पायलटला ती रिकामी गाडी रोज मान्य करावी लागते.

हेलिकॉप्टर वर राहतं ते हवा खाली ढकलून. पंख्याचं प्रत्येक पातं थोडं तिरपं धरलेलं असतं. ते फिरताना हवा कापून खाली लोटतं आणि त्याच्या उलट जोरावर यंत्र उचललं जातं. लोटायला हवाच कमी असेल, तर पातं आणखी तिरपं करावं लागतं. तिरपं केलं की त्याला फिरवायला ताकद जास्त लागते. आणि ती ताकद देणारं इंजिन श्वास घेतं तेही त्याच विरळ हवेत, म्हणजे त्याची ताकद नेमकी तिथंच घटलेली. तिसरी गोष्ट शेपटीच्या पंख्याची. वरचा मोठा पंखा एका दिशेला फिरतो, म्हणून यंत्राचं धड उलट्या दिशेला गरगरायला बघतं. शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो. तोही हवेतच हात मारतो, आणि तीच हवा पातळ. एका उंचीनं तिन्हीकडून कात्री लागते.

मग येताना पाच जण कसे चालले? तर चढताना हेलिकॉप्टर पुढं धावत असतं. धावत्या पंख्याला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते आणि कमी ताकदीत काम भागतं. उतरतानाही वेग हळूहळू कमी करत ते जमिनीशी येतं. उड्डाण मात्र उभ्यानं, शून्यापासून सुरू होतं. इंजिनाकडं सगळ्यात जास्त मागणी असते ती त्या क्षणी. शिवाय आम्ही आलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते, कानाला थंडी झोंबत होती. अकरापर्यंत ऊन चढलं. ऊन म्हणजे आणखी पातळ हवा. चार तासांत तेच पाच प्रवासी, तीच उंची, आणि हिशेबात एक माणूस जास्त.

कमरेइतकं उचलून थांबणं हा त्या हिशेबाचा शेवटचा ताळा होता. पायलट जमिनीलगत थांबून इंजिनाचा काटा बघतो: एवढं वजन धरायला किती ताकद लागली, आणि हातात किती शिल्लक राहिली. शिल्लक पुरेशी नसेल तर त्यानं खाली टेकवायचं असतं. आमच्या पायलटनं टेकवलं.

जमिनीलगत ही ताकद पुरते, ते एका गोष्टीमुळं. पंख्यानं खाली लोटलेली हवा जमिनीवर आपटते आणि पसरते. त्यामुळं यंत्राला खालून जणू टेकू मिळतो. पंख्याच्या व्यासाइतकं वर गेलं की टेकू जवळजवळ संपतो. केदारनाथला जी बेल ४०७ जातीची हेलिकॉप्टरं फिरतात, त्यांच्या पंख्याचा व्यास ३५ फूट. म्हणजे तीन मजली घराच्या उंचीपर्यंतच जमिनीची मदत. डोंगरावर तर दोन पावलं पुढं कडा असतो. कडा ओलांडला की खालची जमीन एकदम शेकडो फूट खोल जाते आणि टेकू त्या क्षणी निघून जातो.

डोंगरावरच्या उड्डाणात हलकं हेलिकॉप्टर पडतं ते पुष्कळदा असंच. जमिनीवर थांबून बघितलं, ठीक वाटलं. पुढं निघालं. टेकू सुटला, यंत्र खाली बसायला लागलं. माणसाचा हात अशा वेळी आपोआप डावीकडचा दांडा वर ओढतो, कारण एरवी तो ओढला की हेलिकॉप्टर चढतं. पण इंजिनाकडं देण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पाती जास्त तिरपी होतात, त्यांना हवा जड जाते, आणि पंख्याचे फेरे मंदावतात. फेरे मंदावले की उचल आणखी कमी. शेपटीचा पंखा मोठ्या पंख्याला दातेरी चाकांनी जोडलेला असतो, म्हणून तोही मंदावतो आणि नाक एका बाजूला वळायला लागतं. हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं. खाली उतरायला सपाट जागा नसते. दांडा ओढायच्या ऐवजी तो किंचित खाली सोडून नाक उताराकडं झुकवायचं आणि उंची देऊन वेग विकत घ्यायचा, हे पायलटच्या हाताला शिकवावं लागतं. मनाला ते उलटंच वाटतं.

उंची देऊन वेग घेणं मी त्या दिवशी बाहेरून बघितलं. मी उतरल्यावर हेलिकॉप्टर पुन्हा कमरेइतकं उठलं. या वेळी थरथर कमी होती. ते पुढं सरकलं, कठड्यापाशी गेलं, नाक खाली घातलं आणि मंदाकिनीच्या दरीत दिसेनासं झालं. आत माझी माणसं होती. आवाज येत होता, यंत्र दिसत नव्हतं. मी श्वास धरून उभा. मग खूप खाली, दरीच्या मधोमध, एक छोटा ठिपका वेगानं दक्षिणेकडं जाताना दिसला. पिवळ्या जाकीटवाला पोरगा माझ्याकडं बघून हसला. त्याला हे रोजचं होतं. त्यानं मला दंडाला धरून शेपटीच्या बाजूपासून दूर नेलं आणि खडूच्या रेषेमागं उभं केलं. शेपटीचा पंखा फिरताना डोळ्याला दिसत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, यात्रा सुरू होण्याच्या तोंडावर, केदारनाथच्याच हेलिपॅडवर एका सरकारी अधिकाऱ्याचा त्या पंख्याच्या फटक्यानं मृत्यू झाला होता.

खाली फाटा नावाच्या गावी हेलिपॅड आहे. मी तिथं पोचलो तेव्हा मेहुण्यांनी पायलटला गाठलेलंच होतं. पायलट सैन्यातून आलेला, पन्नाशीतला. चहा पिता पिता त्यानं मेहुण्यांच्या हातावर बोटानं गणित मांडलं. प्रत्येक उंचीला एक ठरलेलं तापमान धरतात. त्याच्यापेक्षा जेवढे अंश जास्त, तेवढे गुणिले १२० फूट, असे उंचीत मिळवायचे. जी बेरीज येईल ती यंत्राला वाटणारी उंची. केदारनाथला हिशेबाचं तापमान उणे ८ अंश. त्या दिवशी होते १२. वीस अंशांचे २,४०० फूट. म्हणजे यंत्राच्या लेखी आम्ही चौदा हजार फुटांवर उभे होतो.

मी विचारलं, "आमच्या परभणीचं करा की." परभणी शहर समुद्रसपाटीपासून तेराशे फुटांच्या आसपास. हिशेबाचं तापमान १२ अंश. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडं ४३. एकतीस अंशांचे ३,७२० फूट. बेरीज पाच हजार! कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांचं. म्हणजे मी ज्या सपाट रानात मुरूम टाकून हेलिपॅड करत होतो, ते रान भर उन्हाळ्यात यंत्राच्या लेखी राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराच्या खांद्यावर होतं. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. सभा लांबली, साहेब दुपारी दोनला निघाले, सोबत ऐन वेळी एक कार्यकर्ता चढला, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. एकदा एक हेलिकॉप्टर आमच्या गोलावरून उठून तुरीच्या शेतावर इतकं खाली आलं की तुरीचे शेंडे आडवे झाले, आणि मग ते वर गेलं. टाळ्या वाजल्या. लोकांना ती पायलटची करामत वाटली. मलाही तसंच वाटलं होतं.

निलंग्याची गोष्ट तर शेजारच्या लातूर जिल्ह्यातली. २५ मे २०१७, गुरुवार. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हलगरा गावातलं श्रमदान आटोपून दुपारी बाराच्या सुमारास निलंग्याहून निघाले. हेलिकॉप्टर राज्य सरकारचं, सिकॉर्स्की एस-७६, दोन इंजिनांचं, हलकं म्हणता येणार नाही असं. ते थोडं वर गेलं. वाऱ्याची दिशा बदलल्यानं पायलटनं परत उतरायचं ठरवलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. खाली येताना ते विजेच्या तारांत गुंतलं आणि वस्तीलगत कोसळलं. आत सहा जण होते. सगळे वाचले. टीव्हीवर ते तुटलेलं यंत्र बघताना मला आधी तारा दिसल्या. आमच्या खात्यातल्या प्रत्येकाला त्याच दिसल्या असणार.

वाऱ्याचंही गणित आता कळतं. समोरून येणारा वारा पंख्याला फुकटचा जोर देतो. तोच वारा पाठीमागून आला की तो जोर काढून घेतो, आणि गरम, पातळ हवेत शिल्लक आधीच थोडी असते. आमची ती काठीवरची झोळी शोभेची नव्हती. तिच्याकडं बघून एच कुठं आखायचा, कुठली बाजू मोकळी ठेवायची, हे ठरायला हवं होतं. आम्ही पुष्कळदा जागा ठरवायचो ती सभामंडपापासून चालत किती लांब, यावर.

आणि तारांबद्दल एक गैरसमज आमच्याकडं पक्का होता. दौऱ्याच्या वेळी वीज मंडळाचे लाइनमन येऊन लाइन बंद करायचे, आणि आम्ही निर्धास्त व्हायचो. लाइन बंद केली म्हणजे तार नाहीशी होत नाही. पायलटला वरून खांब दिसतो, दोन खांबांमधली बारीक तार दिसत नाही. ८ मे २०२५ ला उत्तराखंडात गंगोत्रीच्या वाटेवर, गंगनानीजवळ एका हेलिकॉप्टरला तातडीनं उतरावं लागलं. पायलटनं रस्त्यावर उतरायचा प्रयत्न केला, आणि रस्त्याकडेनं गेलेल्या फायबरच्या केबलला पंखा लागला, असं तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात आहे. सहा जण गेले, एक वाचला. त्या केबलमध्ये वीज नव्हतीच.

केदारनाथच्या सगळ्या अपघातांना पातळ हवा कारण आहे, असं म्हणणं खोटं होईल. १८ ऑक्टोबर २०२२ ला गरुडचट्टीपाशी बेल ४०७ कोसळलं, केदारनाथहून निघाल्यावर काही क्षणांत. सातही जण गेले, पायलट मुंबईचा होता. १५ जून २०२५ ला पहाटे साडेपाचच्या सुमारास केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेलं तसंच हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळच्या जंगलात पडलं. त्यातही सात जण गेले, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले यात्रेकरू होते, आणि एक लहान लेकरू. दोन्ही वेळा दरीत ढग भरले होते. पण ढग आणि पातळ हवा यांचा एकमेकांशी संबंध आहे. रस्त्यावर धुकं दाटलं तर आपण गाडी कडेला घेऊन थांबतो. हेलिकॉप्टरचं वैशिष्ट्यच हवेत थांबणं. पण भरल्या वजनानं त्या उंचीवर, जमिनीचा टेकू नसताना, त्याला जागेवर थांबायची ताकद फारशी उरत नाही. पुढं जात राहावं लागतं. अरुंद दरीत, समोर पांढरा पडदा, आणि थांबायची सोय नाही. त्या लेकराची बातमी वाचली तेव्हा मला आमच्या मंडळींचा दरीत गेलेला तो ठिपका आठवला, आणि मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

यंत्रं उंचीवर जाऊच शकत नाहीत, असं मुळीच नाही. १४ मे २००५ ला दिदिए देलसाल नावाच्या फ्रेंच पायलटनं हलकं, एका इंजिनाचं हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या शिखरावर टेकवलं. आपल्या सैन्याची चीता हेलिकॉप्टरं सियाचीनला कित्येक वर्षं सामान पोचवत आली आहेत. देलसाल एकटा होता, आणि यंत्रातलं नको ते सगळं काढलेलं होतं. सियाचीनच्या चीतात किती किलो न्यायचं, ते त्या दिवसाची हवा ठरवते. कधी रॉकेलचे दोन-तीन डबे, बस्स. अशा ठिकाणी इंधनसुद्धा मोजून भरतात, कारण इंधनालाही वजन असतं. यात्रेत मात्र हवा रोज वेगळी आणि तिकिटं महिनाभर आधी काढलेली. रांग लागलेली, खिडकीशी भांडणं, पाऊस यायच्या आत जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या. त्या रेट्यात एका पायलटनं यंत्र खाली टेकवून एक माणूस उतरवायला सांगणं सोपं नसतं. मागं पाच जण तिकीट हातात घेऊन बसलेले असतात.

मेहुण्यांनी हातावरचं गणित दोनदा करून घेतलं. कापसाचा व्यापार केलेला माणूस, मानवतच्या बाजारात जन्म गेला. काट्याचा शब्द त्यांना कळतो. पायलटला म्हणाले, "मग तुम्ही सकाळीच सांगायचं ना, उन्हाचे चारच नेतो म्हणून." पायलट म्हणाला, सकाळी ऊन किती पडेल ते मलाही माहीत नसतं, म्हणून तर उचलून बघतो.

या उन्हाळ्यात माझ्या जागेवर आलेल्या अभियंत्याचा फोन आला. पोरगा हुशार आहे, विचारतो. सोनपेठकडं हेलिपॅड करायचा होता, जागा सभेच्या मैदानाला लागूनच मिळाली, म्हणाला, मुरूमही जवळ आहे. मी म्हटलं, "आत्ता कुठं आहेस?" म्हणाला, "जागेवरच." दुपारचे दीड वाजले होते.

"मधोमध उभा राहा. चारी बाजूंना बघ आणि खांब मोज."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"पश्चिमेला तीन, सर. आणि एक डीपी."

"वारा कुठून आहे?"

"पश्चिमेकडूनच."

म्हणजे यंत्र त्याच बाजूला तोंड करून उठणार होतं. मी त्याला ओढ्यापलीकडचं शेत बघायला सांगितलं. तो म्हणाला, तिथून मंडप अर्धा किलोमीटर पडतो, वरून ओरडतील.

"ओरडू दे," मी म्हटलं. "आणि साहेबांच्या माणसाला आजच सांगून ठेव, सभा दहाच्या आत उरकायची, आणि किती जण बसणार ते पायलट ठरवेल."